नऊशे पाचच्या पुढे

१

निवडणुकीच्या कामाला मी कधी नाही म्हटलेलं नाही. ते दिवस जवळ आले की आमच्या शिक्षकांच्या खोलीत बरोबर पाठदुखीची साथ येते. कुणाच्या सासूबाई पडतात, कुणाच्या भाच्याचं लग्न निघतं. मी मात्र सहा वेळा केंद्रप्रमुख झाले, आणि सहाही वेळा आमच्याच शाळेत, माझ्याच भूगोलाच्या वर्गात. भिंतीवर जगाचा नकाशा आणि त्याच्याखाली माझी खुर्ची. दिवसभर माणसं शहाण्यासारखी रांगेत येतात, कुणी मागून ढकलत नाही, कुणी पेन्सिल टोचत नाही. शिक्षकाला हे सुख एरवी कुठे मिळतं?

कामाची रीत साधी आहे. मतदार येतो, पहिल्या टेबलावर वहीत सही करतो आणि माझ्यासमोर येऊन उभा राहतो. माझ्या टेबलावर एक डबा असतो. त्याचं बटण मी दाबलं की लाल दिवा लागतो आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागचं यंत्र एका मतापुरतं जागं होतं. मतदार आत जाऊन आपल्याला हवं ते बटण दाबतो. काचेमागे त्याच्या मताची चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग खालच्या बंद पेटीत पडते. लांबलचक ‘पीं’ वाजतं आणि दिवा विझतो. मी बटण दाबल्याशिवाय आत काही म्हणजे काही होत नाही, आणि समोर माणूस उभा असल्याशिवाय मी बटण दाबत नाही. आमचे हे म्हणतात, बाईसाहेबांच्या अंगठ्याला डोळे आहेत.

त्या दिवशी दुपारी चार वाजता मी सगळे केंद्रप्रमुख करतात तेच केलं. शेवटी भरायच्या हिशेबाच्या फॉर्मवर दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींच्या सह्या आधीच घेऊन ठेवल्या. आकड्यांच्या जागा कोऱ्या होत्या. हे नियमात बसत नाही, पण सहा वाजता सगळ्यांना घरी पळायचं असतं, आणि सहीसाठी कुणाच्या मागे धावायचं माझं वय राहिलेलं नाही.

सहा वाजले. मी दारातूनच व्हरांड्यात हाक मारली, “कुणी आहे का रांगेत?” उत्तर आलं नाही. मी मतदान बंद करायचं बटण दाबलं, एकूण मतं पाहिली. नऊशे पाच. वहीतल्या सह्या नऊशे पाच. फॉर्म भरला, यंत्राला मोहोर लावली.

रांगेसाठी व्हरांड्यात खिडकीच्या गजापासून खांबापर्यंत सुतळी बांधली होती, तेवढी सोडायची राहिली. ती बाहेरच्या बाजूला चांगली फुगली होती, दिवसभर लोक टेकून उभे असले की होते तशी. आता तिथे कुणी नव्हतं, तरी ती ताठ होती. गाठ काही केल्या सुटेना. शेवटी मी कात्रीने कापली आणि घरी गेले.

२

चार दिवसांनी मतमोजणी झाली. माझ्या केंद्राच्या यंत्राने एकूण मतं दाखवली नऊशे बारा.

एकेका उमेदवाराची मतं मिळवली तर बेरीज येत होती नऊशे पाच. मधली सात मतं कुणाचीच नव्हती. एरवी सात मतांना कोण विचारतं? पण आमच्या भागात निकाल लागला होता चार मतांनी. हरलेल्यांनी त्याच संध्याकाळी चौकात सभा घेतली. आमची सात मतं पुसली, यंत्रात गडबड केली, केंद्रप्रमुख बाई विकल्या गेल्या. जिंकलेले म्हणाले, हरल्यावर सगळेच असं बोलतात. मोहोर जशीच्या तशी होती, म्हणजे यंत्र कुणी उघडलं नव्हतं. मग राहिले कोण? मी आणि माझा फॉर्म. आणि दोन्ही प्रतिनिधींनी सरळ सांगून टाकलं की बाईंनी आमच्या सह्या कोऱ्या कागदावर घेतल्या होत्या. खोटं काय बोलले ते? घेतल्याच होत्या.

मला कामावरून दूर केलं. चौकशी लागली. मतांची चोरी सिद्ध झाली तर नोकरी जाईल आणि तुरुंग होईल, असं पत्रात सभ्य भाषेत लिहिलं होतं. एकतीस वर्षं मी या गावातल्या पोरांना नद्या आणि पर्वत शिकवले. परवा आमच्या फाटकावर कुणीतरी खडूने लिहून गेलं, ‘मतचोर’. मी अक्षर ओळखलं. आठवीत दोन वर्षं काढलेला मुलगा, आता स्वतः बाप झाला असेल. मला राग यायला हवा होता. मी ओल्या फडक्याने फाटक पुसलं आणि आत जाऊन दार लावून रडले.

“अगं, त्या अक्षराला तू तेव्हाच नापास केलं होतंस ना?” हे म्हणाले. हे बस डेपोत वेळापत्रक सांभाळायचे, यांना प्रत्येक गोष्ट थोडी उशिरा आली तरी चालते. मला हसू आलं नाही. मला स्वतःवरच शंका यायला लागली होती. मी खरंच नऊशे पाच पाहिलं होतं, की पाहायचं होतं म्हणून पाहिलं? थकलेल्या डोळ्यांचा काय भरवसा?

३

मतदानानंतर तेविसाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता यंत्रांच्या गोदामात बोलावलं. लांबलचक खोली, वर पत्रा, दोन्ही बाजूंनी लोखंडी मांडण्यांत ओळीने यंत्रं. खिडक्यांतून स्वच्छ ऊन येत होतं. मध्ये एक टेबल आणि पाच खुर्च्या.

चौकशीचे साहेब गोल अंगाचे, मऊ आवाजाचे, सारखा रुमाल घडी करणारे. हरलेल्यांकडून एक उंच वकीलबाई आल्या होत्या, बोलताना पेनाचं बटण टकटक करायची त्यांना खोड होती. जिंकलेल्यांचा माणूस साहेबांच्या प्रत्येक वाक्याला ‘हो हो’ करत होता, त्याचं नाव मी मनातल्या मनात होयबा ठेवलं. आणि यंत्रवाला, चष्मा कपाळावर चढवलेला, कमी बोलणारा. माझ्याकडे पाहून नमस्कार करणारा त्या खोलीत तो एकटाच.

मोहोर सगळ्यांनी तपासली. यंत्राची बॅटरी मोजणीच्या दिवशीच काढून ठेवली होती, ती वेगळ्या पाकिटातून निघाली. यंत्रवाल्याने ती बसवली आणि एकूण मतांचं बटण दाबलं.

नऊशे छत्तीस.

वकीलबाईंचं पेन थांबलं. “बारा होते,” त्या म्हणाल्या. “नऊशे बारा. माझ्याकडे मोजणीचा कागद आहे.”

“हो हो,” होयबा म्हणाला. त्याच्या तोंडून हे आपोआप निघालं असावं.

“बॅटरी नसताना आकडा वाढतो का हो?” साहेबांनी विचारलं.

“नाही,” यंत्रवाला म्हणाला. “आणि मतदान बंदचं बटण दाबल्यावर तर बॅटरी असतानाही नाही.” त्याने पुन्हा दाबून पाहिलं. नऊशे छत्तीसच.

चिठ्ठ्यांची पेटी उघडली. टेबलावर पांढरं कापड पसरून आम्ही पाचजणांनी मिळून चिठ्ठ्या मोजल्या, दहा-दहाचे गठ्ठे लावत. छापलेल्या चिठ्ठ्या नऊशे पाच निघाल्या. त्या क्षणी माझ्या छातीवरचा दगड उतरला, कारण माझे डोळे खोटं बोलले नव्हते. पण गठ्ठ्यांच्या शेजारी उरल्या होत्या एकतीस कोऱ्या चिठ्ठ्या. लांबी-रुंदी तीच, कडा तशाच नीट कापलेल्या, फक्त छपाई नाही. मी एक उचलून उजेडात धरली. किंचित कोमट लागली. उन्हाने असेल, असं मी स्वतःला सांगितलं, पण आमचं टेबल सावलीत होतं.

“शाई संपली असेल,” होयबा म्हणाला.

“या आमच्या चिठ्ठ्या आहेत, पुसलेल्या,” वकीलबाई म्हणाल्या. पण बोलताना त्यांनी त्या चिठ्ठ्यांना हात लावला नाही.

४

प्रत्येक मत किती वाजता पडलं याची नोंद यंत्र ठेवतं. यंत्रवाल्याने ती यादी छापून काढली. लांब कागद टेबलावरून खाली लोंबायला लागला. माझी नऊशे पाच मतं सकाळी सातपासून संध्याकाळी पाच एकोणसाठपर्यंत व्यवस्थित होती. त्याच्याखाली पुढची एकतीस.

सहा वाजून एक मिनिट. सहा वाजून एक मिनिट पन्नास सेकंद. सहा वाजून दोन. असं करत करत शेवटचं सहा वाजून तेवीस मिनिटांनी. तारीख सगळीकडे मतदानाच्याच दिवसाची.

साहेबांनी रुमाल घडी करायचा थांबवला. “म्हणजे त्याच दिवशी पडली ना ही मतं? मग सोपं झालं. बाई गेल्यावर कुणीतरी—”

“मोजणीच्या दिवशी सातच होती,” यंत्रवाला म्हणाला. “चौथा दिवस. सातवं मत बघा किती वाजता पडलंय.”

साहेबांचं बोट त्या एकतीसमधल्या सातव्या ओळीवर आलं. सहा वाजून चार मिनिटं.

“आज तेविसावा दिवस,” तो म्हणाला, “आणि याच्याकडे सहा तेवीस.”

पत्र्यावर कबुतरं चालत होती. मी त्या मांडण्यांकडे पाहिलं, शेकडो बंद यंत्रांकडे, आणि पहिल्यांदा माझ्या मनात आलं की आपला रोजचा एक दिवस जातो तेव्हा इथे कुणासाठी तरी एक मिनिट जातं. त्यांच्यासाठी ती संध्याकाळ अजून संपलेलीच नाही. ते आपले शांतपणे एकामागून एक येताहेत. अंगावर काटा आला, पण तो नुसत्या भीतीचा नव्हता. लहानपणी पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा असाच आला होता.

“घड्याळ बिघडलंय,” मी मोठ्याने म्हटलं. मी विज्ञान मानणारी बाई आहे, मला असले विचार चालत नाहीत.

“असेल,” यंत्रवाला म्हणाला. माझ्याकडे पाहून, अगदी हळू.

शेवटी साहेबांनी ठरवलं की येत्या रविवारी शाळेला सुट्टी असताना त्याच वर्गात सगळी मांडणी जशीच्या तशी करायची, मी माझ्या खुर्चीत बसायचं आणि मतदान कसं झालं ते करून दाखवायचं. चूक कुठे होऊ शकते ते तिथेच कळेल.

५

“आता तू एक कर,” हे शनिवारी दुपारी म्हणाले. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होते, गॅसवर चहा उकळून अर्धा झाला होता. “यंत्रात बिघाड होता असा कागद ते करतील, त्यावर सही कर आणि मोकळी हो. चिठ्ठ्या नऊशे पाच निघाल्या ना? तू सुटलीस.”

“आणि ती एकतीस?”

“ती तुझी नाहीत.”

“माझ्या यंत्रात आहेत.”

“अगं बाई,” ते स्टुलावर बसले, “गेल्या महिन्याभरात तू चार तास सलग झोपलेली नाहीस. मी तुझ्याबरोबर जगात कुठेही येईन. पण तुरुंगात डबा घेऊन यायचं म्हटलं तर मला वरणसुद्धा येत नाही.”

या वेळी मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. मी त्यांना सांगितलं की मला चूक चालेल. माणूस चुकतो, त्याची शिक्षा भोगतो, मान वर करून चालतो. मला चोर म्हटलेलं चालणार नाही, आणि खोटी सुटकासुद्धा चालणार नाही. त्यांनी उठून गॅस बंद केला.

मग मी कागद घेऊन बसले आणि कारणं लिहून काढली. ओल. उंदीर. तारेतला दोष. यंत्रवाल्याची लबाडी. वकीलबाईंची लबाडी. माझा वेडेपणा. प्रत्येकापुढे ते कसं शक्य आहे आणि का शक्य नाही ते लिहिलं. दोन तासांनी कागद भरला आणि एकही कारण उरलं नाही. वेडेपणा तेवढा राहिला, पण एकतीस चिठ्ठ्या आम्ही पाचजणांनी मोजल्या होत्या. पाचजण एकदम कसे वेडे होतील?

६

रविवारी सकाळी दहा वाजता वर्ग उघडला. बाकं भिंतीला लावली. पहिलं टेबल दाराशी, माझं नकाशाखाली, पुठ्ठ्याचा आडोसा खिडकीच्या कोपऱ्यात. व्हरांड्यात नवी सुतळीसुद्धा बांधली. शाळा रिकामी असली की तिचा एक आवाज असतो, कुठेतरी नळ टिपकतो, एखादी खिडकी हलते. त्या दिवशी तोही नव्हता. वर्गात फार माणसं गप्प बसलेली असताना जशी शांतता होते तशी होती. एकतीस वर्षांच्या अनुभवाने सांगते, रिकाम्या वर्गाची शांतता आणि भरलेल्या वर्गाची शांतता यांत फरक असतो.

यंत्रवाल्याने त्याच यंत्राच्या तारा जोडल्या, आधीची मोजणी कागदावर उतरवून घेतली. नऊशे एक्केचाळीस झाली होती. साहेब म्हणाले, “मी मतदार बनतो. मी आत जाईन, तुम्ही नेहमीसारखं करा.” वकीलबाई दाराजवळच्या खुर्चीत बसून लिहून घेत होत्या. होयबा खिडकीत टेकला होता.

साहेब अजून दाराशी आपला रुमाल शोधत होते, तेवढ्यात माझ्या डब्यावरचा लाल दिवा लागला.

“तुम्ही दाबलंत?” यंत्रवाल्याने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. मग खाली पाहिलं. माझा अंगठा बटणावर होता.

पुठ्ठ्याच्या आड काहीही नव्हतं, आमच्या बाजूने दिसत होतं की मागे पाय नाहीत, सावली नाही. पण पुठ्ठ्याची डावी बाजू हळूच बाहेर झुकली, कुणी त्यावर खांदा टेकवावा तशी. काचेमागे चिठ्ठी आली. पांढरी. सात सेकंद थांबली. मी मोजले. खाली पडली. लांबलचक पीं. दिवा विझला. पुठ्ठा पुन्हा सरळ झाला.

दिवा लागला.

मी माझ्या अंगठ्याकडे पाहत होते. तो उठत होता, थांबत होता, दाबत होता, अगदी माझ्या नेहमीच्या लयीत. मी त्याला सांगितलं नव्हतं. मी कधीच सांगत नाही, समोर माणूस उभा राहिला की तो दाबतो. माझ्या बुद्धीला समोर फक्त रिकामी फरशी दिसत होती, आणि अंगठ्याला मात्र माणूस दिसत होता.

“थांबवा,” साहेब म्हणाले. पण कुजबुजून म्हणाले, लोकांच्या देखत बोलतात तसं. आणि ते दारातून बाजूला झाले. होयबाने खिडकीत टेकलेली पाठ काढून सरळ उभं राहत हात समोर बांधले. वकीलबाईंनी लिहिता लिहिता पाय खुर्चीखाली ओढून घेतले, कुणाला तरी जायला जागा करून द्यावी तसे, आणि मान खालीच ठेवून त्या म्हणाल्या, “या.”

मग त्यांना कळलं आपण काय बोललो. त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला कुणी वाकलं नाही.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, वाटली ती लाज. कारण इतकी शिस्तीची माणसं मी कधी पाहिली नव्हती, आणि मी त्यांना त्या संध्याकाळी दारातून नुसती हाक मारून घरी गेले होते.

७

नियम असा आहे की सहाच्या ठोक्याला जे रांगेत उभे आहेत त्यांचा हक्क जात नाही. केंद्रप्रमुखाने नंबराच्या चिठ्ठ्या घेऊन स्वतः बाहेर जायचं आणि रांगेतल्या शेवटच्या माणसापासून वाटत पुढे यायचं. पुढून नाही, मागून. म्हणजे मागाहून कुणी घुसत नाही आणि आधीचं कुणी राहत नाही. मी हे दर वेळी करते. या एकाच वेळी केलं नव्हतं, पाय दुखत होते म्हणून.

मी खुर्चीतून उठले. टेबलावर नंबराच्या चाळीस चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, मांडणीचा भाग म्हणून ठेवलेला, तो हातात घेतला. यंत्रवाला माझ्याकडे पाहत होता. तो माझ्या खुर्चीत बसला.

व्हरांड्यात सुतळी बाहेरच्या अंगाला फुगली होती. मी भिंतीला पाठ लावून पुढे गेले, रांगेच्या कडेने जावं तशी, “जरा वाट द्या” असं पुटपुटत. व्हरांडा थंड असतो नेहमी. त्या दिवशी ऊब होती, आगगाडीच्या डब्यात असते तशी अनेकांच्या श्वासांची. कुणाचा धक्का लागला नाही. वळणाशी पोहोचले. इथे शेवटचा माणूस असेल असं वाटलं होतं, फार तर दहा-पंधराजण. पण ऊब तशीच पुढे जात होती, रांग इथे संपली नव्हती.

पायऱ्या उतरून मैदानात आले. मैदानात कबुतरं दाणे टिपत होती, शे-दोनशे असतील. त्यांच्या मधोमध एक हातभर रुंद पट्टा मोकळा होता, पायऱ्यांपासून फाटकापर्यंत सरळ. कबुतरं पट्ट्याच्या काठापर्यंत यायची आणि वळायची. मी त्याच्या कडेने चालत फाटकाशी आले आणि बाहेर रस्त्याकडे पाहिलं.

रविवारची सकाळ होती. रस्त्यावर नेहमीची वर्दळ. एक बाई सायकल हातात धरून येत होती, ती फुटपाथच्या मध्ये आली आणि कारण नसताना बाजूला वळून गेली. तिच्या मागून एक जोडपं बोलत बोलत आलं, तेही तिथेच वळलं, बोलणं न थांबवता. एक कुत्रं थबकलं, शेपूट हलवली, वळसा घालून गेलं. बेकरीच्या दारातल्या माणसाने गिऱ्हाइकाला पाव देताना हात लांबवला तो अर्धवर्तुळात, कुणाच्या तरी डोक्यावरून द्यावा तसा. कुणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. सगळे रोज असेच चालत असणार. मीही रोज याच फुटपाथवरून शाळेत येते, आणि त्या जागी आले की उजवीकडे का सरकते हे मी आयुष्यात कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

ती वळणं मी डोळ्यांनी जोडत गेले. बेकरीपासून दवाखान्यापर्यंत, दवाखान्यापासून पुलापर्यंत, पुलावरून पलीकडे चढावर. चढावर माणसं ठिपक्यांएवढी दिसत होती, आणि ते ठिपकेसुद्धा एका रेषेला वळसा घालत होते. चढाच्या पुढे मला दिसत नव्हतं.

माझ्या हातात चाळीस चिठ्ठ्या होत्या. मी तशीच फाटकात उभी राहिले आणि मला रडू फुटलं. भीतीचं नव्हतं ते. इतकी माणसं, आणि कुणी ओरडत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. किती वर्षांची वाट पाहणं असेल हे, माझ्या सहा निवडणुकांच्या आधीचं, या शाळेच्याही आधीचं. ज्यांना कुणी कधी विचारलं नाही ती सगळी. आज मी हाक मारावी म्हणून उभी. मी हात जोडले. दुसरं काही सुचलं नाही.

८

वर्गात परत आले तेव्हा साहेबांनी कागद तयार केला होता. त्यांचा मऊ आवाज आणखी मऊ झाला होता. यंत्रात बिघाड आढळला. केंद्रप्रमुख निर्दोष. मतमोजणी कायम. होयबाने सही केली होती. वकीलबाईंनीही केली होती आणि त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

“बाई, सही करा आणि घरी जा,” साहेब म्हणाले. “सोमवारी तुम्ही वर्गावर. यावर कुणी कधी बोलणार नाही.”

खोलीत पीं वाजलं. यंत्रवाला माझ्या खुर्चीत ताठ बसला होता.

मी कागद वाचला. शेवटच्या कलमात लिहिलं होतं, ‘मतदान बंद करतेवेळी रांगेत एकही मतदार उभा नव्हता.’ सही करायची की मी सुटणार होते. फाटकावरचं अक्षर पुसलेलंच राहणार होतं. दुकानदार पुन्हा ‘बाई, या’ म्हणणार होता. आमच्या यांना डबा करायला शिकावं लागणार नव्हतं. हे सगळं मला हवं होतं, फार हवं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

मी पेन मागितलं आणि ते कलम खोडलं.

“मी चोरी केलेली नाही,” मी म्हटलं. “पण रांगेत माणसं उभी असताना मी मतदान बंद केलं. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या आणि बाहेर जाऊन पाहिलं नाही. हा माझा गुन्हा आहे. तसं लिहा.”

“तुम्हाला कळतंय का याचा अर्थ?” साहेब म्हणाले. “नोकरी जाईल. लोक म्हणतील, चोर तरी होती किंवा वेडी तरी. यांतलं काहीतरी एक आयुष्यभर.”

“म्हणू देत.”

ते खुर्ची ओढून बसले आणि नवा कागद घेऊन माझा जबाब माझ्या शब्दांत लिहायला लागले. वकीलबाई वळल्या. एका ठिकाणी साहेबांचं पेन अडलं.

“आकडा लागेल,” ते म्हणाले. “किती मतदार उभे होते?”

मी नकाशाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. यंत्रवाला खुर्चीतून उठून माझ्यासाठी बाजूला झाला.

“जागा सोडा, साहेब,” मी म्हटलं. “भरपूर सोडा.”

खाली मी माझं पूर्ण नाव लिहून सही केली, आणि जाऊन माझ्या जागी बसले.